मोगऱ्याचे सरगुंडे

राळेगावच्या बसस्टँडमागे राहणाऱ्या वामनराव ढोल्यांनी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. गाडीतला कोण कुठे उतरणार, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. घरात मात्र ते निव्वळ प्रवासी. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच.

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या जानेवारीत अंघोळीच्या पाण्याची चूल पेटेना, म्हणून त्यांनी माळ्यावरून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली काड्यांची एक जुडी ओढली. काड्या अशा भरभरून पेटल्या की वामनराव चुलीपुढे शीळ घालू लागले. पाणी कढत झालं, अंघोळ सुरेख झाली. मग हातातलं फडकं त्यांनी नीट पाहिलं आणि त्यांना अंगभर गार वाटलं. त्या बायकोच्या, विमलताईंच्या, सरगुंड्यांच्या काड्या होत्या. बोरूच्या, आईनं लग्नात दिलेल्या, इतक्या वर्षांच्या कणकेनं आणि तुपाच्या हातानं गुळगुळीत झालेल्या.

सरगुंडा म्हणजे सुतळीसारखी बारीक वळलेली कणीक. ती काडीवर अंगाला अंग लावून गुंडाळायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागे राहते ती पोकळी, काडीच्या आठवणीएवढी. वाळवलेला सरगुंडा उकडून आमरसात टाकला की रस त्या पोकळीत जाऊन बसतो.

वामनरावांनी फडक्यात तुरीच्या काटक्या बांधल्या, जुडी जागेवर ठेवली आणि चार महिने माळ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मग धोंड्याचा महिना आला. पोरीच्या लग्नानंतरचा पहिलाच. जवाई यायचे, आंबे पिकलेले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात विमलताई मांजर हाकलता हाकलता दारापुढच्या ओट्यावरून घसरल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर. फोनवर प्रेरणा म्हणाली, "आई, मी दोन दिवस आधी येतो. तुह्या काड्या काढून ठेव, सरगुंडे मीच करतो."

"नाही!" वामनराव खुर्चीतून उठलेच. "माहेरी येऊन पोरगी काम करन? मी करतो सरगुंडे!"

विमलताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमाले ताप आला काय?"

"कायले ताप? तू फक्त पडून राह्य. आत येऊ नको."

पहिल्या दिवशी त्यांनी डब्यातलं पीठ घेतलं. ते जाड रोडग्यांसाठी दळून आणलेलं भरड पीठ होतं. वळी केली की तुटे, जोडली की दुसरीकडे तुटे. खाटेवरून विमलताईंनी विचारलं, "जमून राह्यलं काय?"

"हो! गाडी फक्त जरा थांबत थांबत चालली."

दुसऱ्या दिवशी बारीक पीठ आणलं, चाळलं, घट्ट भिजवलं. वळी झाली, आणि वामनराव आनंदानं स्वयंपाकघरात गोल फिरले. पण काडी? त्यांनी कुंपणातली पऱ्हाटी मोडून आणली. कपाशीच्या त्या खरबरीत काटकीला कणीक अशी धरून बसली, की ओढल्यावर काडीबरोबर सरगुंडाही आला आणि सरगुंड्याबरोबर साल. दुपारपर्यंत ओट्यावर कणकेत गुरफटलेलं एक छोटं रानच तयार झालं.

तिसऱ्या दिवशी देवघराकडे बघता बघता त्यांना सुचलं. अगरबत्तीची काडी! सरळ, बारीक, सगळ्या एका मापाच्या. चार पुडे आणले, काळा मसाला सुरीनं खरवडला, काड्या तीनदा धुतल्या. काडी लोण्यातून निघावी तशी सुटायला लागली. एक, दोन, वीस, साठ! वामनराव हसत होते, गात होते, कपाळाला पीठ लावून घेत होते.

बाहेरून विमलताईंचा आवाज आला. "देवापुढं इतक्या अगरबत्त्या काहून लावून राह्यले?"

"लावल्या थोड्या," ते म्हणाले. त्यांना स्वतःला काहीच वास येत नव्हता. डिझेल आणि तंबाखूचा खर्रा, दोघांनी मिळून त्यांचं नाक केव्हाच निकामी केलं होतं.

पाटावर जवाई अंकुर बसला. ताटात आमरस, आमरसात सरगुंडे. त्यानं पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला.

"मामाजी, याच्यात काय टाकलं जी?"

"काहून? काय झालं?"

"नाही, गोड लागून राह्यलं. पण देवळात बसून जेवल्यावानी वाटते."

प्रेरणानं वाटी नाकाशी नेली. "बाबा! मोगरा!"

"अवो माय," विमलताई म्हणाल्या, "आन् मी म्हणो, हा माणूस एकाएकी देवाले कसा लागला!" आणि मग हसणं तसंच ओठांवर ठेवून, "पण माह्या काड्या काय झाल्या?"

चौतीस वर्षांत वामनरावांनी विनातिकीट माणसाचे किती चेहरे पाहिले होते. आज तो चेहरा त्यांना आतून कळला.

"त्याइनं पाणी तापलं," ते म्हणाले. "अंघोळीचं. जानेवारीत."

अंकुरनं सरगुंडा न चावता तोंडात धरून ठेवला.

"किती बादल्या?" विमलताईंनी विचारलं.

"दोन."

"माह्या मायच्या काड्याइनं दोन बादल्या!" त्या हसायला लागल्या आणि थांबेचनात. प्लास्टरचा हात वाटीला लागला, रस सांडला, प्रेरणा पुसता पुसता स्वतःच वाकून हसू लागली. "चार महिने! चार महिने हा माणूस माळ्याखालून मान घालून जाये, मले वाटे मानच धरली!" विमलताईंचे डोळे भरून वाहत होते. ते सगळंच हसण्याचं पाणी होतं का, हे कुणी विचारलं नाही. अंकुरनं मात्र वाटी पुढे केली. "मामाजी, अजून दोन द्या. मोगऱ्याचेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंनी डाव्या हातानं विळा पुढे केला. वामनराव नाल्यावर गेले, आणि उन्हं तापायच्या आत बोरूचा भारा घेऊन परतले. विमलताईंनी एकेक काडी बोटांत फिरवली. ही जाड. ही वाकडी. हिले गाठ. काड्या अंगणात पडत गेल्या. शेवटी एक त्यांनी गालावरून फिरवली आणि त्या जुन्या फडक्यात ठेवली.

"एकच?" वामनराव म्हणाले. "एका काडीवर होते काय काही?"

"होते. टाइम लागते." त्यांनी पाट पायानं त्यांच्याकडे सरकवला. "बसा."