माझ्या बहिणीचे चार दात

तारखा आधी नमूद करतो, म्हणजे पुढे कोणाला स्मरणाच्या अंधुकपणाची सबब सांगता येणार नाही.

जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचे वरचे, समोरचे चार दात गेले. जबाबदार: तिचे थोरले दीर. आडावरच्या रहाटाची खीळ निखळली आहे, हे त्यांना घरातल्या तिघांनी सांगितले होते. त्याच वर्षी नागपंचमीला, गेलेल्या दातांच्या जागी काय बसवावे याचा निर्णय झाला. जबाबदार: तेच दीर आणि गावचे शास्त्रीबुवा. सर्वपित्री अमावास्येला बसवलेले दात निकामी करण्यात आले. जबाबदार: तिच्या सासूबाई, आणि त्यांना तसे करण्यास सांगणारे कोणी असल्यास तेही. त्यानंतर चौथ्या दिवशी, घट बसलेले असताना, तिची नोकरी लागण्यापूर्वीच गेली. शेवटची तारीख महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या माघातली आहे. तिला जबाबदार कोणी नाही. ज्वर होता.

नावे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत आणि त्या गावालाही ठाऊक आहेत.

मी उस्मानाबादच्या दिवाणी कोर्टात कारकून होतो. निजामाच्या अमदानीत खटल्यांच्या मिसली उर्दूत लिहिल्या, विलीनीकरणानंतर त्याच हाताने मराठीत लिहू लागलो. बहीण भूम तालुक्यात, ईटच्या बाजारापासून कोसभर असलेल्या गावी दिली होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी ती विधवा झाली. मूल नव्हते. सासरी तिचे स्थान एवढेच, की सोवळ्याचा स्वयंपाक करणारे घरात दुसरे माणूस नव्हते. सासूबाईंचे हात कापत, आणि थोरल्या जाऊबाईंना बाळंतपणांतून उसंत नव्हती. पहाटे ओलेत्याने पाणी भरण्यापासून उष्टी निघेपर्यंतचे सारे काम तिचे होते. त्यातून वेळ काढून, मी पाठवलेली पुस्तके वाचून ती बाहेरून सातवी पास झाली होती. त्या वर्षी खेड्यापाड्यांतून मुलींच्या शाळा उघडत होत्या आणि शिकवायला बायका मिळत नव्हत्या. तिने अर्ज केला. नेमणूक झाली असती तर तिला पगार मिळाला असता, राहायला वेगळी खोली मिळाली असती, आणि नव्या वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याचा हिस्सा मागायला ती कोणाच्याही चुलीवर अवलंबून राहिली नसती. हे मला कळत होते, तसे तिच्या दिरांनाही कळत होते. पुढचे सर्व याच एका गोष्टीभोवती घडले.

उन्हाळ्यात आडाचे पाणी तळाला गेले होते. भरलेली घागर वर येत असताना खीळ निसटली, रहाट उलटा फिरला आणि त्याचा दांडा तिच्या तोंडावर बसला. जखम भरायला ज्येष्ठ संपला. मग मी तिला सोलापूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर वयस्क होते. हातात चुन्याचा जबड्याचा साचा धरून ते बोलत होते, जणू तो साचाच पक्षकार आहे. "तीन वाटा आहेत," ते म्हणाले. "पहिली, काहीच करू नका. हिरड्या घट्ट होतात, कुस्करून खाता येतं. दुसरी, कवळी. टाळूला पट्टी बसते, तिच्यावर चार दात. रात्री काढायची, पाण्यात ठेवायची. आधी बोलताना हलते, मग जिभेला सवय होते. तिसरी, पक्के दात. दोन्ही बाजूंचे सुळे घासायचे, त्यांच्यावर सोन्याच्या टोप्या बसवायच्या आणि मधले चार दात त्यांना जोडून टाकायचे. काढणं नाही, घालणं नाही."

बहीण पदराआडून म्हणाली, "जे काढावं लागत न्हाई, ते."

"का हो बाई?"

"मला शिकवायचंय. वर्गात दात हातात आले तर पोरी वर्षभर तेवढंच ध्यानात ठेवतील."

डॉक्टर हसले. तीही हसली, पण पदर तोंडावरून ढळू न देता. सोन्याऐवजी दुसरा धातू चालेल का, असे मी विचारले. ते म्हणाले, "स्टीलच्या टोप्या मिळतात. मी बसवत नाही. हिरडी काळी पडते." खर्च मी करणार होतो, तेव्हा तो प्रश्न उरला नव्हता. पण तिचे राहणे सासरी होते. न विचारता काही केले तर पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाहीत, या भीतीने ती म्हणाली, "एकदा घरी कानावर घालू." आम्ही तिच्या जबड्याचा ठसा देऊन परतलो.

नागपंचमीच्या दिवशी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसलो. दीर, सासूबाई, शास्त्रीबुवा आणि भाऊबंदांतले चार जण. बहीण माजघराच्या दाराआड उभी होती. मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. सोन्याचा शब्द निघताच दीर म्हणाले, "कारकूनसाहेब, विधवेला सोनं? आमच्या घरात?"

"अंगावर नव्हे. तोंडात, औषध म्हणून."

"औषध पोटात जातं. हे तोंडात ठाण मांडून बसणार."

मी माझी बाजू मांडली. शोभेसाठी घालतात तो अलंकार. हा मोडलेल्या अवयवाचा आधार आहे. शिवाय सोने स्वभावतः शुद्ध मानलेले आहे, त्याला विटाळ नाही, सोन्याचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते, हे शास्त्रीबुवांनीच अनेकांना सांगितले होते. मग सोवळ्यातल्या बाईला याहून योग्य दुसरे काय असू शकते? शास्त्रीबुवांनी तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाले, "दाढेला असतं तर हरकत न्हवती. आत असतं, दिसत न्हाई. समोरचं दिसतं. जे दिसतं ते लेणं."

"तोंड मिटलेलं असताना दिसत नाही," मी म्हणालो.

"हसल्यावर दिसेल की."

"आणि तिला हसायचं कारण काय?" दीर म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "लई शिकली की असलंच सुचतंय." ओसरीवरचे सगळे हसले. हसणाऱ्या सगळ्यांचे दात शाबूत होते.

मी उठून उभा राहिलो. असा फैसला देण्याचा अधिकार या ओसरीला कोणत्या कायद्याने मिळाला, असे विचारले, आणि नोटीस पाठवतो म्हणालो. तेव्हा दाराआडून ती बोलली. दातांविना तिचे त आणि थ ओठांतून नुसती हवा होऊन येत, म्हणून ती फार सावकाश बोलत असे. "दादा, तुम्ही भांडू नका. कवळीच घेऊ. एकदा नेमणूक होऊ द्या, मग माझ्या तोंडात काय असावं ते माझं मी बघीन."

दिरांनी ही सवलत उदारपणे मान्य केली. अट एकच होती. सोवळ्यात असताना कवळी तोंडात ठेवायची नाही, कारण ती तोंडातून काढलेली, म्हणजे उष्टी. सोने चालत नाही कारण ते काढता येत नाही. कवळी उष्टी, कारण ती काढता येते. कोर्टात असा युक्तिवाद कोणी केला असता तर मुन्सफांनी त्याला बाहेर बसवले असते.

श्रावणाचे उरलेले दिवस ती माझ्याकडे उस्मानाबादला होती. कवळी आली. पहिले काही दिवस हिरडी सोलून निघाली, आणि ती जेवताना डोळ्यांतून पाणी येऊ देई पण ताट बाजूला सारत नसे. तांदूळ निवडता निवडता ती पाढे म्हणे, मोठ्याने, माझ्या पत्नीसमोर बसून. "वहिनी, तीस तुम्हाला तीस ऐकू आलं का फीस?"

"फीस."

"मग पुन्हा."

पोळ्यापर्यंत तीस तीसच ऐकू येऊ लागले. पट्टी जागेवर बसली. ती दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी पदर न घेता बोलली, हे मी स्वतः पाहिले. त्या महिन्याइतकी ती कधी मोकळी नव्हती, आणि पुढे कधी झाली नाही.

पितृपक्ष लागला आणि सासरहून बोलावणे आले. श्राद्धाचा स्वयंपाक कोण करणार? मी तिला पाठवले, आणि सोबत दिरांना पत्र दिले. घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी उस्मानाबादला तिची मुलाखत आहे, तरी तिला घटस्थापनेच्या दिवशी इकडे पोचती करावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पत्र पोचले. त्यांनी तसा उलट निरोपही धाडला.

सर्वपित्रीला पहाटे तिने कवळी काढून पडवीतल्या देवळीत, पाण्याच्या वाटीत ठेवली आणि ती सोवळ्याने चुलीपाशी बसली. असले दात मेलेल्या माणसाचे असतात, असे सासूबाईंच्या कानात कोणीतरी घातले होते. पितरांच्या दिवशी अशी वस्तू घरात नको, निदान ती शुद्ध तरी व्हावी, म्हणून त्यांनी न्हाणीघरातल्या चुलीवर पातेल्यात गोमूत्र आणि पाणी घालून त्यात ती कवळी उकळत ठेवली. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत ती उकळत होती. दुपारी सासूबाईंनी ती काठीने बाहेर काढली आणि म्हणाल्या, "घे, शुद्ध केलीया. आता घाल खुशाल."

टाळूची पट्टी उन्हात वाळलेल्या पापडासारखी वळली होती.

सोलापूर गाठून दुसरी करून घ्यायला दिवस नव्हते. तरी ती आली. वळलेल्या पट्टीखाली कापसाचे बोळे घालून तिने ती टाळूला चिकटवली होती. शाळेच्या दालनात चौथीच्या मुली बसवल्या होत्या आणि उमेदवारांनी त्यांना एक धडा वाचून समजवायचा होता. मी खिडकीबाहेर उभा होतो. तिसऱ्या वाक्याला कवळी सुटून पुस्तकावर पडली. मुली हसल्या. बहिणीने ती उचलून मुठीत धरली, पदर तोंडावर घेतला आणि धडा वाचत राहिली, शेवटच्या ओळीपर्यंत. खिडकीपाशी मला त्यातला एकही शब्द कळला नाही.

मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, "बाई, वाचनाची तयारी आहे तुमची. पण मुलींना शब्द कळायला हवेत. दात नीट करून पुढच्या वेळी या." त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे आले त्यावर त्यांनी निर्णय दिला. पुढच्या वेळेपर्यंत तिचे वय उलटून गेले होते.

मी पक्क्या दातांचा विषय पुन्हा काढला. या वेळी कोणाला विचारायचे नाही, टोप्या बसवून आणू आणि काय करायचे ते करू द्या त्यांना, असे म्हणालो. ती सासरच्या चुलीपुढे बसली होती. "आता कुणासाठी, दादा?" तिने विचारले आणि भाकरी थापत राहिली. त्यानंतर तीन वाटांपैकी पहिली वाट तिने धरली, म्हणजे काहीच केले नाही. भाकरी दुधात भिजवून खाई. माझ्याशीसुद्धा मानेने बोले. हिश्श्याचा दावा लावू का, असे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने मान हलवली, आणि ती नाही म्हणून हलवली हे मला मान्य करावे लागले.

पुढे तीन वर्षांनी, माघात ज्वराने ती गेली. मी पोचलो तेव्हा तिला भुईवर घेतले होते. शास्त्रीबुवा उशाशी होते. दिरांनी कनवटीची पुरचुंडी सोडली, त्यातून सोन्याचा एक मणी काढला आणि तुळशीच्या पानाबरोबर तिच्या तोंडात ठेवला. जिथे दात नव्हते तिथून तो सहज आत गेला. मी विचारले, "हे सोनं कसं चाललं?"

"सोन्याशिवाय गती न्हाई," शास्त्रीबुवा म्हणाले.

"ही वेळ आहे का, कारकूनसाहेब?" दीर म्हणाले.

मी तिरडी बांधायला उठलो. पण वेळ कोणती, हे तेव्हापासून मी त्यांना रजिस्टर पत्रांनी विचारत आलो आहे. पोच येते, उत्तर येत नाही.

शास्त्रीबुवा वारले, त्यांच्यावरची तक्रार मी काढून घेतो. सासूबाईही वारल्या. त्यांना जे शिकवले होते ते त्यांनी केले, आणि त्यांना ते शिकवणाऱ्यांत आपण सगळेच येतो. दीर हयात आहेत. गावात आता मुलींची शाळा आहे, आणि तिच्या समितीचे ते अध्यक्ष आहेत. दरवर्षी संमेलनात स्त्रीशिक्षणावर त्यांचे भाषण होते. मी एकदा जाऊन ते ऐकले आहे. उच्चार स्पष्ट आहेत.

माझी मागणी अशी. येत्या संमेलनात, त्याच व्यासपीठावरून, मुली, त्यांच्या आया आणि सगळे गाव बसलेले असताना, त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. मुलाखतीची तारीख कळवणारे माझे पत्र हातात असताना, ते दात मेलेल्या माणसाचे आहेत असे त्यांच्या आईच्या कानात कोणी घातले? ते स्वतः नसतील तर त्यांनी तसे म्हणावे. मी भरसभेत त्यांची माफी मागेन. ते असतील तर तेही म्हणावे. उत्तर मला पत्राने नको. ते तिथे उभे राहून, मोठ्याने, शेवटच्या रांगेतल्या मुलीलाही प्रत्येक शब्द कळेल असे द्यावे.