विकायच्या घरावर 'शुभविवाह'

मंडळी, आज सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता.

हुमनाबादचं आमचं विटांचं जुनं घर आठ महिने विकलं जात नव्हतं. बायकोची बदली कलबुर्गीला झालेली, संसार दोन गावांत. गिऱ्हाईक यायचं, काळ्या पडलेल्या विटा रस्त्यावरूनच बघायचं आणि गाडीवरून न उतरता निघून जायचं. शेवटी विटा घासून घेतल्या, पेंटर मल्लूअण्णाला समोरून गेरूचा रंग द्यायला सांगितलं आणि काल बायकोकडं गेलो.

आज सकाळी एक गिऱ्हाईक घर बघायला यायचं होतं, म्हणून परत येऊन बघतो तर दाराच्या दोन्ही बाजूंना रंगवलेली केळीची झाडं, वर गणपती आणि ठसठशीत अक्षरांत 'शुभविवाह'!

"अण्णा, हे कामून काढलं?"

"लग्नाबिगर कोण घर रंगवतंय? नावं सांगा, लगेच लिहितो."

पुसून टाक म्हणेपर्यंत गिऱ्हाईक दारात हजर. नवरा-बायको दोघं. मी घाईघाईनं माफी मागायला लागलो. बाई मात्र त्या अक्षरांकडं बघतच राहिल्या.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "वैशाखात आमच्या पोरीचं लग्न हाय. भाड्याच्या घरातून तिला सासरी धाडायचं लई जिवावर आलं होतं."

दुपारी बोलणी पक्की झाली. बायकोला फोन केला तर ती हसता हसता रडायलीच.

मल्लूअण्णा आत्ता शिडीवर चढून नवरीचं नाव लिहायलाय. खरं सांगा, तुमच्याकडं लग्नाबिगर कुणी घर रंगवतं का?