बंद इंजिनांचा चौक

सिग्नल नीट चालतो की नाही हे सांगणं माझं काम. त्यासाठी मी चौकात जात नाही. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, हे गाड्यांमधल्या जीपीएसवरून गुरुग्रामच्या ऑफिसात बसून कळतं. मला त्याचा थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोलू.

फरीदाबादला आमच्या घराजवळच्या चौकाचा अहवालही मीच केला. आमच्या बाजूच्या रस्त्यावर गाड्या फारशा खोळंबत नाहीत, असं आकडे सांगत होते. म्हणून तिथला हिरवा दिवा कमी करून मोठ्या रस्त्याला वेळ द्यावा, असं सुचवलं. तसं झालंही. पुढच्याच आठवड्यात माझ्या बायकोला दोन लेट मार्क लागले. ती शिक्षिका आहे, त्याच रस्त्याने शाळेत जाते. तिसरा लागला की मुख्याध्यापिकांना लेखी कारण द्यावं लागतं, आणि इतक्या वर्षांत तिच्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

"अरे यार, तुझा तो सिग्नल! तीन-तीन वेळा लाल होतो, तेव्हा कुठे माझा नंबर लागतो."

"डेटा तसं म्हणत नाही. पाच मिनिटं लवकर उठ, बिल्कुल वेळेवर पोहोचशील."

माझा डबा तिने टेबलावर जरा आपटलाच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गाडीत बसलो, खरं तर तिला खोटं पाडायलाच. एरवी मी उलट्या दिशेला मेट्रो पकडतो. थंडीचे दिवस, हवा धुरकट, घसा खवखवत होता. लाल लागला तसं तिने इंजिन बंद केलं. पुढच्यानेही केलं, शेजारच्या टॅक्सीवाल्यानेही. या हवेला विटलेली माणसं आता एवढं करतात. हिरवा झाला, चार गाड्या सरकल्या, पुन्हा लाल, पुन्हा इंजिन बंद.

तिसऱ्यांदा तिने किल्ली फिरवली आणि मला माझी चूक दिसली. इंजिन बंद झालं की गाडीतलं जीपीएस यंत्र प्रवास संपला असं धरतं, आणि आम्ही मोजतो ते फक्त चौक ओलांडून गेलेले प्रवास. म्हणजे लालला शहाण्यासारखं इंजिन बंद करणारा प्रत्येक जण माझ्या अहवालातून गळाला होता. इतके प्रवास या रस्त्यावर मध्येच का संपतात, हा प्रश्न मला पडला होता. 'जवळ बाजार असावा,' असं लिहून मी मोकळा झालो होतो. बाजार कसला, खिडकीबाहेर नाल्याची भिंत होती.

गाडीतूनच साहेबांना फोन लावला. "सर, रिपोर्ट गलत है. गलती मेरी है."

ते म्हणाले, "लिखकर दो."

त्या दिवशी तिला तिसरा लेट मार्क लागलाच. कारणाच्या जागी तिने 'वाहतूक' एवढंच लिहिलं. मला स्वतःची फार लाज वाटली. संध्याकाळी माझा माफीनामा टाइप करता करता मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अच्छा," ती म्हणाली, "मग उद्यापासून इंजिन चालूच ठेवू का? म्हणजे तरी तुला दिसेन."