ते सिमेंट मीच भरले होते

सर्व स्नेह्यांस नमस्कार. आज मन अत्यंत उल्हसित आहे!

पेठेतील जुन्या वाचनालयाच्या दगडी दर्शनी भिंतीची दुरुस्ती पाहावयास सकाळी गेलो होतो. अभियंता बाई सांध्यांतील सिमेंट काढवून घेत होत्या.

"आजोबा, चुन्यातून ओल बाहेर पडते; या सिमेंटमुळे पाणी आत अडकले आणि दगडाचे पापुद्रे सुटले. कोण्या शहाण्याने भरले, कोणास ठाऊक!"

"तो शहाणा आपणांसमोर उभा आहे," मी म्हणालो. तरुणपणी मी येथे गवंडी होतो. पक्के काम केले म्हणून जन्मभर मिरविले.

बाई ओशाळल्या. मग थापी पुढे करून म्हणाल्या, "घ्या, आता चुना आपणच भरा. सिमेंट मागू नका मात्र!"

चार सांधे भरले. उद्या पुन्हा जाणार आहे.

स्वतःची जुनी चूक स्वतःच्याच हाताने दुरुस्त करण्याचे भाग्य आपणांपैकी कोणास लाभले आहे काय?