आर्डिसच्या घरात मूल नाही

आमच्या मेस्किट हेवन या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे पुढच्या खिडकीचा पडदा वर करायचा. पडदा वर गेला की समोरच्यानं समजायचं, म्हातारी आज जिवंत आहे. नाही गेला तर जाऊन दार वाजवायचं, आणि कुणी उघडलं नाही तर ठेवायला दिलेल्या किल्लीनं आत शिरायचं. आम्ही सगळे साठी-सत्तरीचे, बरेचसे एकटे, आणि ॲरिझोनाच्या उन्हात मेलेलं माणूस फार वेळ ठेवता येत नाही. आम्हीही हे हसतच सांगतो.

आर्डिस हॅल्व्हर्सन माझ्या समोरच्या घरात राहायची. नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला होता. नवरा गेल्यावर दुखरे गुडघे घेऊन ती इकडे उन्हाला आली. जीभ तिखट, पण आजारी माणसाच्या दारात सूप घेऊन पहिली हजर.

घरांवर बसणाऱ्या शाळेच्या टॅक्सचं भांडण पेटलं तेव्हा हीच आर्डिस सभेत उभी राहिली होती. ‘‘लोकांच्या पोरांना जेवू घालता घालता माझे गुडघे गेले. माझं देणं फिटलं! आमच्याकडे पोरंच नाहीत, मग शाळा आमच्या डोक्यावर कशाला?’’ टाळ्या थांबेनात. इथे मुलं राहणार नाहीत या अटीवर आम्ही भांडून शाळेच्या हद्दीतून बाहेर पडलो, टॅक्स गेला. बदल्यात नियम आणखी कडक झाला. घर पंचावन्नच्या वरच्यांनाच, नातवंडं फक्त पाहुणी म्हणून, तीही थोडे दिवस. पलीकडच्या गल्लीतल्या कोवाल्चिक जोडप्यानं नातू ठेवून घेतला, तेव्हा त्यांची तक्रार आर्डिसनंच केली. बिचारे घर विकून गेले. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं.

नियमांवर डोळा ठेवायला लोवेल पेट्री. पूर्वी विम्याचा धंदा करायचा, आता गोल्फची गाडी घेऊन गल्लीगल्लीतून लहान सायकली हुडकत फिरतो. ‘‘एक पोर सापडू दे, टॅक्स पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसेल,’’ हा त्याचा जप.

गेल्या वसंतात आर्डिसची मुलगी नशेच्या गोळ्यांच्या भानगडीत तुरुंगात गेली आणि आठ वर्षांची ब्रिन आजीकडे आली. सुरुवातीला राजरोस, पाहुणी म्हणून. मग लोवेलनं विचारलं, ‘‘काय, पाहुणी गेली का?’’ आर्डिस म्हणाली, ‘‘गेली की.’’ आणि त्याच दुपारी तिच्या पडद्याआड मला एक छोटा हात दिसला.

मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ‘‘अगं, वेड लागलंय का तुला? निदान शाळेत तरी घाल पोरीला.’’

‘‘गेले होते ना. तिथली बाई नकाशा बघून म्हणते, तुमचा पत्ता कुठल्याच शाळेत बसत नाही, तुम्हीच भांडून बाहेर पडलात. तुमच्या वसाहतीकडून परवानगी आणा म्हणे. म्हणजे लोवेलच्या कानावर जाणारच.’’

‘‘मग घर विक आणि जा कुठेतरी.’’

‘‘या गुडघ्यांनी? आणि घर शोधेपर्यंत सरकार पोरीला उचलून परक्यांच्यात टाकेल.’’ तिनं माझा हात घट्ट धरला. ‘‘मॅज, तू काही बघितलं नाहीस.’’

‘‘मला मोतीबिंदू आहे,’’ मी म्हटलं. ती हसली नाही.

उन्हाळा चढत गेला. त्या घरातून टीव्हीचा आवाजसुद्धा येईनासा झाला. लोवेलची गाडी मात्र तिच्या दारापुढे हळू व्हायला लागली. एकदा मला अडवून म्हणाला, ‘‘आर्डिसच्या कचऱ्यात हल्ली दुधात घालायच्या सिरीयलचे रंगीबेरंगी खोके दिसतात.’’

‘‘दात गेलेत तिचे. मऊ लागतं.’’

‘‘खोक्यावर कार्टून असलेलंच?’’

‘‘दुसऱ्याच्या कचऱ्यात नाक खुपसायला लाज वाटत नाही तुला?’’ असं म्हणून मी आत निघून आले. आता कधीही तो तिचं दार वाजवणार, हे कळत होतं.

त्यानंतर आर्डिस दिसेनाशी झाली. कुंड्या वाळल्या. पण तिचा पडदा रोज सकाळी वर जात होता, आणि पडदा वर गेलेल्या घराचं दार वाजवायचं नाही ही आमची रीत. लोवेलला चुकवत असेल, असं मी मनाशी धरलं. मग एका सकाळी नीट बघितलं. पडदा जेमतेम अर्ध्यावर होता, तोही तिरका, ठेंगण्या माणसानं ओढल्यासारखा. मी तिची किल्ली उचलली आणि चपला न घालताच रस्ता ओलांडला.

‘‘आर्डिस!’’ आत काही हललं नाही. ‘‘ब्रिन, मी मॅज. समोरची.’’

दाराच्या अगदी खालून, पाठ केलेला, फार सभ्य आवाज आला. ‘‘या घरात कुणी लहान मूल राहत नाही.’’

‘‘बाळा, आजी कुठाय?’’

‘‘आजी झोपलीय. इथे मूल नाही.’’

मी किल्लीनं दार उघडलं. आर्डिस न्हाणीघरात पडली होती. उशाला उशी, अंगावर घरातली सगळी पांघरुणं आणि शेजारी दुधात भिजून लगदा झालेल्या सिरीयलची वाटी. एसीनं घर बर्फासारखं गार झालं होतं. तिला हात लावला आणि मी मागे सरकले.

‘‘ती गार पडत होती म्हणून मी पांघरुणं घातली,’’ ब्रिन म्हणाली.

‘‘मला का नाही बोलावलंस गं?’’

‘‘आजी पडली तेव्हा सारखं म्हणत होती, मॅजला बोलाव, मॅजला बोलाव. मला वाटलं परीक्षा घेतेय. एरवी ती दाराबाहेर जाऊन वेगवेगळ्या आवाजात मदत मागायची ना, आणि मी दार उघडलं की ओरडायची. या वेळी मी नाही उघडलं. पडदा पण रोज वर केला.’’ ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत.

मला रडता येईना. मी खाली बसून तिला जवळ ओढलं. पोरीच्या अंगाची नुसती हाडं झाली होती.

बाहेर गोल्फची गाडी येऊन थांबली. ‘‘आर्डिस? दार का उघडं आहे?’’ लोवेलचा आवाज पायऱ्यांवर आला.

ब्रिननं माझ्या तोंडावर हात ठेवला. ‘‘सांगू नका हं,’’ ती कुजबुजली, ‘‘माझ्यामुळे सगळ्यांना टॅक्स बसेल.’’ मग माझ्या मिठीतून सुटून ती आजीच्या कपड्यांच्या कपाटात शिरली आणि दार आतून ओढून घेतलं.