नळीचे दोन तुकडे

भोकरमध्ये जळालेली ती स्कूटी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता मी पोलीस सेवेत नाही; तेव्हा नवीन फौजदार होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथली बोली कानाला नवी, बोलणं मोजकं.

एका शिक्षिकेची स्कूटी भर दुपारी रस्त्यात पेटली आणि त्यांचा पाय भाजला. पंधरवड्यापूर्वीच एका वयस्कर मिस्त्रींनी तिची पेट्रोलची नळी बदलली होती. त्यांच्यावर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला. तो सिद्ध झाला असता तर मिस्त्री तुरुंगात जाणार होते आणि गॅरेजला कुलूप लागणार होतं.

मिस्त्रींचा जबाब घेताना मी विचारलं, "आग कशी लागली?"

"पिऊन राहिली होती ना, मॅडम."

मी पेन खाली ठेवलं. "त्या शिक्षिका आहेत. तोंड सांभाळून बोला."

"तोबा तोबा! बाईला न्हाई म्हणालो, नळीला! रबर पेट्रोल पिऊन राहिलं होतं. फुगलं, ढिलं पडलं, गळलं."

शेजारी बसलेले हवालदार म्हणाले, "मॅडम, जबाबात दारूचं लिहू नका म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी खबर आली: नांदेडचा एक दुकानदार हलक्या दर्जाची नळी कंपनीच्या पिशवीत घालून विकतो. मिस्त्रींनीही नळी तिथूनच आणली होती. आम्ही माल जप्त केला. मिस्त्रींनी सुचवल्याप्रमाणे अस्सल आणि जप्त नळीचा एकेक तुकडा पंचांसमोर पेट्रोलच्या बरणीत टाकला. सकाळी अस्सल तुकडा होता तसाच होता. दुसरा बोटाएवढा फुगला होता.

दुकानदार ठाण्यात येऊन ठासून सांगत होता, "मॅडम, पेट्रोलचीच नळी हाय ही."

मला फार बोलता येत नाही. त्या दिवशी गरजही पडली नाही. स्कूटीच्या कार्बोरेटरचं तोंड आणि फुगलेला तुकडा मी त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो बसवला. सोडताच तुकडा टेबलावर पडला. त्याने पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला: चांगल्या रबरात स्वस्त रबर मिसळलं होतं, ते इंजिनच्या उष्णतेने तडकतं आणि पेट्रोलमध्ये फुगतं.

ऐकलेलं नीट कळलं नसेल तर पुन्हा विचारावं, हे मी त्या तपासात शिकले. नळी पेट्रोलमध्ये टाकून पाहायची कल्पना माझी नव्हती, मिस्त्रींची होती. ती मी तपासात त्यांच्याच नावावर नोंदवली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मिस्त्रींऐवजी दुकानदाराला आरोपी करून दोषारोपपत्र तयार झाल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "आता मी कोण, मॅडम?"

"साक्षीदार क्रमांक दोन."

"एक न्हाई?"

"एक शिक्षिका आहेत."

"मग बरोबर हाय. पाय त्यांचा भाजला."