अमृत गेल्यानंतरची शाळा

अमृतचा तेरावा उरकला आणि त्यानंतरच्या सोमवारी सायराबानू मॅडमनी शाळेचं कुलूप एकट्यानंच काढलं. शाळेतले दुसरे शिक्षक निंगप्पा सर प्रशिक्षणासाठी आठवडाभर सोलापूरला गेले होते. पहिली ते चौथीची सगळी पोरं आता एकाच खोलीत बसणार होती. एरवी मॅडमना याचं काही वाटलं नसतं. या वेळी मात्र व्हरांड्यात स्कूटी लावताना त्यांना वाटलं, सर असायला हवे होते.

सांगोल्याच्या बाहेर, डाळिंबाच्या बागा ओलांडून गेलं की माळावर ही वस्ती लागते. पोरं जेमतेम विसाच्या आसपास, तीही एकमेकांची चुलत-मावस भावंडं. सायराबानू इथं बदलून आल्या तेव्हा बायका त्यांना बघायला दारात उभ्या राहायच्या. त्या मूळच्या सोलापूर शहरातल्या. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. घरात दखनी, गल्लीत तेलुगू आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत त्या वाढल्या. डी.एड. झाल्यावर सगळे म्हणाले, उर्दू शाळा बघ. नेमणूक निघाली मराठी शाळेची, आणि मग त्या तिथल्याच झाल्या. नवरा सरफराज टेम्पो घेऊन पुण्याकडे असायचा, मुलगी अरिबा शिकायला बाहेरगावी. सांगोल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. माणसं म्हणून जी रोज दिसत ती या वस्तीवरचीच.

अमृत चौथीत होता. पहिलीत आला तेव्हा 'अ' हे अक्षर आपल्या नावाचं आहे हे कळल्यावर त्यानं ते शाळेच्या भिंतीवर, पाटीवर, मेंढराच्या पाठीवरसुद्धा कोळशानं काढून ठेवलं होतं. मॅडमनी त्याला रागावून भिंत पुसायला लावली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वर्गातलं मूल कधी गेलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी तो आणि त्याची चुलत बहीण पायल मेंढरं घेऊन शेततळ्याकडे गेले होते. तळं दोन्ही घरांचं सामायिक. मोठी माणसं बाजाराला गेलेली. अमृत कॅन भरायला खाली उतरला, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ होतं, आणि पाय सरकला. पायल धावत घरी आली तेव्हा माणसं नुकतीच बाजारातून परतली होती, पण तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती हातानं तळ्याकडे दाखवत राहिली. एवढंच मॅडमना ठाऊक होतं, कारण त्या दिवसापासून ती बोललीच नव्हती.

सोमवारी परिपाठ झाला. मॅडमनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. पोरं डोळे मिटून उभी राहिली, पहिलीतला बसू मात्र एक डोळा उघडून सगळ्यांकडे बघत होता. पायल तिसरीच्या रांगेत मागे होती. तिची आई तिला हाताला धरून आणून सोडून गेली होती. तिच्या वेण्या घट्ट घातलेल्या होत्या, दोन्ही मुठी आवळलेल्या. ज्वारीच्या दाण्यांचे गट करून गुणाकार करायचा होता. पायलनं दाणे हातात घेतले नाहीत. मॅडमनी तिच्यासमोर गट मांडून ठेवले आणि पुढं गेल्या. शाळा सुटली तेव्हा ते तसेच होते.

मंगळवारी सारजाबाई कामावर आली. अमृतची आई. शाळेतली खिचडी तीच शिजवायची. एवढे दिवस वस्तीवरची दुसरी एक बाई करत होती, सारजाबाई येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मॅडम स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेल्या तर ती तांदूळ निवडत बसली होती.

"सारजाबाई, आणखी थोडे दिवस घरी थांबला असता."

"घरात काय करू, मॅडम? हितं निदान धूर तरी डोळ्यांत जातोय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

दुपारी पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसली. सारजाबाई वाढत वाढत पायलपर्यंत आली, डाव पातेल्यात घातला आणि तिथंच थांबली. मग पुढच्या पोराला वाढलं. चुकून राहिलं असावं, असं मॅडमना आधी वाटलं. त्यांनी स्वतः पायलला वाढलं, पण तिनं घास तोंडात घातला नाही. बुधवारीही तसंच झालं, आणि मग चूक नव्हती हे त्यांना कळलं.

बुधवारी आणखी एक गोष्ट घडली. परिसर अभ्यासात त्या आठवड्याला एक प्रयोग होता: बादलीत पाणी घ्यायचं आणि कुठल्या वस्तू तरंगतात, कुठल्या बुडतात ते बघायचं. मॅडमनी तो पाठ गुपचूप सोडून दिला आणि झाडांच्या पानांचा पाठ काढला. पोरं भोळी असतात, पण आंधळी नसतात. चौथीतली सिद्धेश्वरी उभी राहिली.

"मॅडम, मधला पाठ राहिला."

"तो नंतर घेऊ."

"त्यात पाणी हाय म्हणून?"

मॅडम फळ्याकडे वळल्या. तेवढ्यात बसूनं विचारलं, "मॅडम, माणूस तरंगतो का बुडतो?"

 खोटं बोलावं असं मॅडमच्या मनात आलं, पण समोर सगळी तोंडं त्यांच्याकडे लागलेली होती.

"पोहायला येत असलं तर तरंगतो," त्या म्हणाल्या. "येत नसलं तर बुडतो. आणि त्या प्लास्टिकच्या तळ्यात पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून तिथं कुणीच जायचं नाही."

"अमृतदादाला येत हुतं पवायला," बसू म्हणाला.  मॅडमनी पानं वाटली आणि ज्यानं त्यानं आपापल्या पानाच्या शिरा काढल्या. संध्याकाळी सरफराजचा फोन आला तेव्हा त्या नीट बोलल्याच नाहीत. तब्येत बरी आहे ना, एवढंच त्यानं दोनदा विचारलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेमागं गलका ऐकू येईना, म्हणून त्या बघायला गेल्या. खेळताना पोरं गप्प असली की काहीतरी बिनसलेलं असतं. मागच्या उतारावर चौथीतला एक मुलगा पालथा पडला होता. वर दोघं-तिघं उभी राहून त्याच्याकडे सुतळी टाकत होती. एक मुलगी रडायचं सोंग करत होती. पोरं अमृतचं मरण खेळत होती.

मॅडमचा हात वर गेला. ओरडणार तेवढ्यात त्यांना पायल दिसली. ती त्या पोरांच्या मधोमध होती आणि बोलत होती.

"असं न्हाय," ती सांगत होती. "त्येनं दावं धरलं हुतं. दोनी हातांनी. तू पालथा पडू नगंस, वर बघ."

मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पायलनं सुतळी स्वतःकडे घेतली, टाचा मातीत रोवल्या आणि मागे रेलली. खालच्या पोरानं ओढलं तशी ती पुढं घसरली. मग तिनं सुतळी सोडून दिली आणि तिथंच खाली बसली. पोरं खेळ विसरून तिच्याकडे बघू लागली. मॅडमनी त्यांना हलक्या आवाजात वर्गात पिटाळलं आणि पायलशेजारी मातीत जाऊन बसल्या.

पायलनं मुठी उघडल्या. तळहातावरची कातडी सोलवटली होती, आता तिथं गुलाबी नवी कातडी धरत होती. इतके दिवस ती मुठी का आवळून होती हे मॅडमना आता कळलं.

"म्या सोडलं, मॅडम," ती म्हणाली.

"काय सोडलंस?"

"दावं. बोकडाचं दावं टाकलं हुतं. त्येनं धरलं. म्या लई ओडलं, पर म्याच खाली जाया लागले. मग म्या सोडलं. त्यो म्हनत हुता, सोडू नगंस."

मॅडमनी तिचे तळहात आपल्या हातांत घेतले. "सोडलं नसतंस तर तूही गेली असतीस," त्या म्हणाल्या. "तू एवढीशी, तो तुझ्याहून मोठा. कुणालाही ओढता आला नसता."

"व्हय," पायल म्हणाली. समजुतीनं म्हणावं तसं म्हणाली, मोठ्या माणसाचं मन राखावं म्हणून. मॅडमना दिसत होतं की त्यांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यांनी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, काठीसारखी ताठ बसून राहिली.

त्या रात्री मॅडमना एकच प्रश्न पडला: हे सारजाबाईला सांगायचं की नाही. लेकराचे शेवटचे शब्द आईला कळायला हवेत. पण 'सोडू नगंस' हे शब्द घेऊन ती बाई जन्मभर कशी जगेल, आणि शेजारच्या घरातली पायल तिच्यासमोर कशी वाढेल? शेवटी त्यांनी ठरवलं, शब्द सांगायचे नाहीत, पण पोरीनं जिवापाड ओढलं होतं एवढं सांगायचं.

शुक्रवारी खिचडीच्या आधी त्या शेडमध्ये गेल्या. सारजाबाई चुलीपुढं बसली होती.

"पायल काल बोलली," मॅडमनी सुरुवात केली.

"बोलली असंल." सारजाबाईनं लाकूड आत सारलं. "दावं सोडलं म्हनली असंल."

मॅडम बघतच राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी सांगाया कशाला पायजे? त्येला काडला तवा दाव्याचं टोक त्येच्या मुठीत हुतं. आन् त्या पोरीच्या हातावरलं वळ म्या पयल्याच दिवशी बघितलं. तिची आई हळद लावत हुती, तवा मी दारातच हुते." तिनं चूल फुंकली. "कातडी सोलंस्तवर धरलं हुतं तिनं. मला कळतंय सगळं, मॅडम."

"मग तिला एवढं एकदा म्हणा. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला पटणार नाही."

सारजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "राग न्हाय माजा तिच्यावर. देवाशपथ न्हाय. पर ती समोर आली की वाटतं, ही हाय आन् त्यो न्हाय. हातातला डावच पुढं जात न्हाय. किती येळा ठरवून आले, आज वाढायचं म्हणून."

 मॅडम तिच्याजवळ पाटावर बसल्या. खिचडी खाली लागल्याचा वास आला तेव्हा दोघींनी मिळून पातेलं उतरवलं. त्या दुपारीही सारजाबाई पायलपाशी थांबली. या वेळी तिनं डाव भरून वर उचलला होता, पण तो मधेच कलला आणि खिचडी ताटलीबाहेर सांडली. मग तिनं पातेलं मॅडमच्या हातात दिलं आणि शेडमध्ये निघून गेली. पायल सांडलेली शितं एकेक करून ताटलीत गोळा करत बसली.

शनिवार दप्तराविना शाळेचा. सकाळी पोरांनी ओढ्याची चिकणमाती आणली होती आणि व्हरांड्यात बैल, चुली, मोबाईल असं काय काय बनवत होती. पायलनं मेंढरू केलं. पाय काही केल्या उभे राहीनात, म्हणून तिनं ते बसलेलं केलं. आठवड्यात पहिल्यांदाच ती काहीतरी करत होती, आणि मॅडमना थोडा धीर आला.

तेवढ्यात तिचा बाप मोटारसायकलवरून आला. गाडी बंद न करताच त्यानं सांगितलं, पायलला माढ्याला मामाकडं ठेवतोय, दाखला पायजे.

"वर्षाच्या मधे कशाला? आत्ता कुठं बोलायला लागलीय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, दोन घरांचा एकच उंबरा हाय आमचा." त्यानं मान खाली घातली. "सारजावैनी पानी आनाया निघाली की आमच्या घरचं कुनी भाईर पडत न्हाय. अमृतचा बाप, माजा भाऊ आबासाहेब, माज्याशी बोलतो, पर पोरगी दिसली की उटून जातो. तिला कळतंय की सगळं. किती दिवस काडायचं तिनं असं?"

दाखला सर आल्यावर सोमवारी मिळेल, असं मॅडमनी सांगितलं. तो म्हणाला, कागद मागनं न्हेतो, पोरगीला आजच न्हेतो, मामा वाट बघतोय.

पायल हात धुऊन आली. मॅडमनी तिची वेणी सुटली होती ती पुन्हा घातली, तेवढाच वेळ मिळाला.

"मॅडम," पायल हळूच म्हणाली, "तितल्या शाळंत तुमी सांगनार का?"

"काय?"

"म्या सोडलं ते."

"नाही. मी कुणालाच सांगणार नाही. तुला कधी वाटलं तर तू सांग."

पायलनं मान हलवली आणि बापामागं जाऊन बसली. गाडी शेडवरून गेली तेव्हा सारजाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं हात उचलला नाही, हाकही मारली नाही. गाडी बागेआड होईपर्यंत ती उभी होती, मग आत जाऊन भांडी घासू लागली.

पुढं आबासाहेबांनी तळ्याभोवती तारेचं कुंपण घातलं. सारजाबाईनं परीक्षेपर्यंत खिचडी केली आणि उन्हाळ्यानंतर ती आली नाही. माढ्याच्या शाळेतल्या बाईंना सायराबानू मॅडमनी एकदा फोन केला. पोरगी हुशार आहे, त्या बाई म्हणाल्या, पण दोरीउड्यांच्या खेळात कधी येत नाही, बाजूला बसते. काही कारण आहे का? मॅडम एवढंच म्हणाल्या, बसू द्या तिला, जबरदस्ती करू नका.